हॉर्नबी रोडच्या कमानी

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून हुतात्मा चौकाकडे निघालेल्या माणसाला भर जुलैच्या पावसातही बराच रस्ता छत्री न उघडता चालता येतो. दादाभाई नौरोजी मार्गावरच्या, म्हणजे पूर्वीच्या हॉर्नबी रोडवरच्या, जुन्या इमारतींच्या तळमजल्यांना पुढच्या अंगाला दगडी कमानींची पडवी आहे. एका इमारतीची पडवी संपते तिथे बहुधा दुसरीची सुरू होते. वरच्या मजल्यांवर वकिलांच्या कचेऱ्या, विमा कंपन्या आणि बँका, तर खाली चष्म्यांची, पुस्तकांची, कापडाची दुकानं. एक इमारत गॉथिक वळणाची, शेजारची अभिजात युरोपीय धाटणीची, तिसरीच्या सज्जावर भारतीय नक्षी. मालक वेगळे, वास्तुरचनाकार वेगळे, बांधणीची वर्षं वेगळी. तरीही सगळा रस्ता एका हातानं आखल्यासारखा वाटतो, कारण तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींची वाट सोडलीच पाहिजे, असा सरकारी नियम १८९६ मध्ये झाला होता.

इमारत खासगी, पण तिच्या पोटातली वाट सर्वांची, असा हा करार होता. पुढे या इमारती म्हाताऱ्या झाल्या आणि त्यांची डागडुजी कुणी करायची, हा प्रश्न उभा राहिला. मुंबईनं या प्रश्नाची वेगवेगळ्या काळात वेगवेगळी उत्तरं दिली. काही अर्धवट होती, काही चुकली आणि एखादं नेमकं लागलं. जुन्या बाजारपेठा असलेल्या प्रत्येक शहरानं हा इतिहास समजून घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.

या पेठेची मुळं सुरतेत आहेत. सतराव्या शतकात पश्चिम किनाऱ्यावरचं सर्वांत श्रीमंत बंदर सुरत होतं. इंग्रजांची वखार तिथे होती आणि शिवाजी महाराजांनी १६६४ आणि १६७० मध्ये स्वाऱ्या केल्या त्याही तिथेच. १६८७ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं आपलं पश्चिमेकडचं मुख्य ठाणं सुरतेहून मुंबईला हलवलं आणि पुढच्या शतकभरात पारशी, बनिया, बोहरा व्यापारी आणि कारागीर हळूहळू त्या वाटेनं आले. जहाजबांधणीतलं मोठं नाव असलेले लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहूनच मुंबईत आले. या मंडळींची घरं आणि दुकानं मुंबईच्या कोटाच्या, म्हणजे फोर्टाच्या, उत्तर भागात, बझार गेटच्या अंगाला दाटीवाटीनं उभी राहिली. १८०३ च्या फेब्रुवारीत याच भागात मोठी आग लागली आणि लाकडी घरांच्या रांगा जळून गेल्या. अरुंद गल्ल्या आणि लाकडी सज्जे किती घातक ठरतात, याचा धडा शहराला तेव्हा मिळाला. सुरतेला तो १८३७ च्या आगीनं दिला. तिथे तर हजारो घरं राख झाली.

मुंबईचा कोट अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्याचा लष्करी उपयोग संपला होता आणि आतल्या वस्तीचा श्वास कोंडत होता. १८६२ मध्ये गव्हर्नर म्हणून आलेल्या सर बार्टल फ्रियर यांनी तट पाडायचा निर्णय घेतला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला होता आणि मुंबईत कापसाच्या पैशाचा पूर आला होता. त्या तेजीचा नायक प्रेमचंद रायचंद हाही मूळचा सुरतेचाच. तट पाडून मोकळी झालेली जमीन सरकारनं विकायला काढली आणि तिचे पैसे 'एस्प्लनेड फी फंड' या वेगळ्या निधीत जमा केले. शहराच्या सार्वजनिक इमारतींसाठी त्या निधीतून पैसा मिळाला. शहराच्याच जमिनीतून पैसा उभा करून तो शहराच्या चेहऱ्यावर खर्च करण्याची ही पद्धत पुढच्या सगळ्या घडामोडींची पार्श्वभूमी आहे.

पश्चिम तटाच्या बाजूनं जाणाऱ्या जुन्या रस्त्याला अठराव्या शतकातले गव्हर्नर विल्यम हॉर्नबी यांचं नाव होतं. शतकाच्या शेवटच्या दशकांत तो रुंद झाला. त्याच्या उत्तर टोकाला वास्तुरचनाकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचं व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, १८८८ मध्ये पुरं झालं आणि त्यासमोर त्यांचीच महापालिकेची इमारत १८९३ मध्ये उभी राहिली. सरकारनं रस्ता, गटार, दिवे आणि रुंदी दिली. बदल्यात मालकांनी १८९६ च्या नियमानुसार पडवी दिली. तळमजल्याची थोडी जागा गेली, पण दुकानाच्या दारात गिऱ्हाईक उन्हापावसाविना उभं राहू लागलं, तेव्हा मालकाचाही त्यात फायदाच होता. त्याच १८९६ मध्ये शहराच्या मांडवी भागात प्लेग सुरू झाला. पाठोपाठ १८९८ मध्ये मुंबई सुधारणा न्यास, म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाला. हवा, उजेड आणि रुंद रस्ते ही सरकारची जबाबदारी आहे, हे त्या दशकात मुंबईनं मान्य केलं होतं.

१८९८ मध्ये जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूटची इमारत झाली आणि पाच वर्षांनी टाइम्स ऑफ इंडियाची. व्हाइटअवे लेडलॉ या बड्या दुकानाच्या इमारतीत पुढे खादी भांडार आलं. भाड्यातून मालकाला नफा होई आणि त्या नफ्यातून रंगरंगोटी, कौलं, गटारं, लाकडी जिने यांची देखभाल होई. इमारत टिकवणं हे मालकाच्या हिताचं होतं, म्हणून सरकारला त्यात लक्ष घालायची वेळ आली नाही.

हे गणित मोडलं ते दुसऱ्या महायुद्धात. शहरात माणसांचा लोंढा आला, घरं अपुरी पडली, भाडी भडकली. फाळणीनंतर निर्वासितांची भर पडली. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानं बहुतेक जागांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. तेव्हा हा कायदा गरजेचा आणि न्याय्य होता. त्यानं लाखो कुटुंबांचं छप्पर वाचवलं. पण तो तात्पुरता न राहता पुन्हा पुन्हा वाढवला गेला आणि घरांबरोबर दुकानांची व कचेऱ्यांची भाडीही त्याच चौकटीत राहिली. फोर्टातल्या हमरस्त्यावरचा गाळा एखाद्या पेढीकडे चाळीस सालच्या भाड्यात राहिला. गाळ्याची खरी किंमत पागडीच्या रूपानं हातोहात फिरत राहिली, मात्र इमारतीच्या दुरुस्तीला त्यातला रुपयाही मिळेना. मालकाला भाड्यातून घरपट्टीही भागेना आणि भाडेकरूला वाटे की दुरुस्ती मालकानं करावी. कौलांतून पाणी झिरपू लागलं, सागवानी तुळया कुजल्या, सज्जांचे कठडे हलू लागले. साठच्या दशकात दर पावसाळ्यात कुठेतरी इमारत कोसळायची आणि माणसं मरायची.

त्या दबावाखाली राज्य सरकारनं बेडेकर समिती नेमली आणि १९६९ मध्ये मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. दक्षिण आणि मध्य मुंबईतल्या जुन्या इमारतींवर दुरुस्ती उपकर, म्हणजे सेस, बसवायचा आणि त्या पैशातून, शिवाय सरकारी व महापालिकेच्या वाट्यातून, मंडळानं दुरुस्ती करायची, अशी योजना होती. सुरुवातीला अशा १९,६४२ इमारती होत्या. त्यांपैकी १६,५०२ इमारती १ सप्टेंबर १९४० पूर्वी बांधलेल्या, म्हणून 'अ' वर्गात मोडत. १९७७ मध्ये म्हाडा स्थापन झाल्यावर हे मंडळ तिच्यात सामील झालं. खासगी मालकीच्या एवढ्या इमारतींच्या दुरुस्तीची जबाबदारी सार्वजनिक संस्थेनं उचलणं ही मोठीच गोष्ट होती. आज या व्यवस्थेवर कितीही टीका होत असली, तरी तिनं वाचवलेले जीव विसरता येणार नाहीत.

पण हॉर्नबी रोडच्या नजरेनं पाहिलं तर या कायद्यात दोन त्रुटी होत्या. पहिली अशी की, सेसची योजना राहत्या घरांसाठी होती. निव्वळ व्यापारी वापराच्या इमारती तिच्या बाहेर राहिल्या. म्हणजे वर बिऱ्हाडं आणि खाली दुकानं असतील तर मंडळ येणार, पण चारही मजल्यांवर कचेऱ्या असतील तर मालक आणि भाडेकरू आपसात भांडत बसणार. दुसरी त्रुटी कामाच्या पद्धतीत होती. दर चौरस मीटरला ठरलेल्या मर्यादेत दुरुस्ती करायची, त्यामुळे अभियंत्याला टिकाऊ आणि स्वस्त तेच सुचे. सागवानी खांब काढून लोखंडी गर्डर बसे, नक्षीदार लाकडी सज्जा जाऊन सिमेंटचा स्लॅब येई आणि कमानीला टेकू म्हणून विटांची भिंत उभी राही. इमारत टिके, पण तिची ओळख पुसली जाई. खर्च मर्यादेबाहेर गेला की इमारत दुरुस्तीपलीकडची ठरे आणि भाडेकरू संक्रमण शिबिरात जात. तिथे अनेकांची वर्षानुवर्षं गेली.

स्वातंत्र्यानंतर हॉर्नबी रोडला दादाभाई नौरोजींचं नाव मिळालं. हे नाव या रस्त्याला शोभतं, कारण हिंदुस्थानचा पैसा कुठे जातो, याचा हिशेब त्यांनी आयुष्यभर मांडला. पण सत्तर-ऐंशीच्या दशकांत त्यांच्या नावाच्या रस्त्याचा चेहरा दिसेनासा झाला. प्रत्येक दुकानाची पाटी शेजारच्यापेक्षा मोठी होत गेली. कमानीचा गोलावा, तिच्या माथ्याचा दगड, खांबांवरची कोरीव पानं सगळं पत्र्याच्या आणि काचेच्या फलकांमागे गेलं. दगडात खिळे ठोकले गेले, तारा लोंबल्या, वातानुकूलन यंत्रांचं पाणी कोरीव कामावरून ओघळू लागलं.

या काळात शहरातले काही जागे नागरिक कामाला लागले होते. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपचे श्याम चैनानी आणि त्यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी वारसा इमारतींच्या कायदेशीर संरक्षणासाठी अनेक वर्षं पाठपुरावा केला. १९९५ मध्ये मुंबईसाठी वारसा नियमावली लागू झाली. शहरासाठी असे नियम करण्यात मुंबई देशात अग्रेसर ठरली. सहाशेहून अधिक वास्तू आणि परिसर यादीत आले, त्यांच्या श्रेणी ठरल्या आणि वारसा संवर्धन समिती स्थापन झाली. दादाभाई नौरोजी मार्गाच्या बाबतीत एकेका इमारतीपुरता विचार न करता सगळा रस्ताच एक वारसा मानला गेला, आणि ही दृष्टी महत्त्वाची होती. वारसा इमारतीच्या मालकाला बांधकामाची उरलेली क्षमता हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर, म्हणून दुसरीकडे विकण्याची सोयही नियमांत होती. हा सरकारी तिजोरीतून न निघणारा, तरीही सार्वजनिक असाच पैसा होता. पण रस्त्यावरच्या गाळेवाल्याला त्यातून काही मिळणार नव्हतं, आणि रस्ता बिघडला होता तो तर गाळ्यांच्या पाट्यांनी.

या ठिकाणी इतिहासाला वळण मिळालं ते अगदी लहान सरकारी अनुदानानं. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणानं एक वारसा जतन संस्था स्थापन केली होती. १९९८ मध्ये तिच्या अनुदानातून वास्तुरचनाकार आभा नरेन लांबा यांनी दादाभाई नौरोजी मार्गाचा अभ्यास हाती घेतला. त्यातून एक मार्गदर्शक पुस्तिका तयार झाली. पाटी कुठे लावायची, किती मोठी करायची, कमानीची रेषा कशी मोकळी ठेवायची, दिवे, बाक आणि दिशादर्शक फलक कसे असावेत, हे सगळं त्यात रेखाटनांसह होतं. नियम समजायला सोपा होता. दुकानाची पाटी कमानीच्या पोटात बसवा आणि दगड उघडा ठेवा. १८९६ मध्ये सरकारनं मालकांना जे सांगितलं होतं, त्याच धर्तीवर शंभर वर्षांनी दुकानदारांना सांगितलं गेलं.

महापालिकेच्या अधिकाऱ्यांनी हा आराखडा उचलून धरला. पण नुसत्या नोटिसांवर भागलं नसतं. दुकानदारांशी बैठका झाल्या, एकेका गाळ्यासाठी पाटीचं चित्र दाखवलं गेलं. अनेक दुकानदारांनी स्वतःच्या खर्चानं जुने फलक उतरवले आणि नवे बसवले. पहिल्या काही कमानी मोकळ्या झाल्यावर शेजाऱ्यालाही त्या हव्याशा वाटू लागल्या. पदपथ आणि रस्त्यावरच्या वस्तूंचं काम सार्वजनिक यंत्रणेकडे राहिलं. पुढे रस्त्यावरच्या दुकानदारांची आणि कचेऱ्यांची हेरिटेज माइल असोसिएशन ही संघटनाही उभी राहिली. २००४ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस जागतिक वारसा यादीत गेलं आणि त्याच वर्षी दादाभाई नौरोजी मार्गाच्या या प्रकल्पाचा युनेस्कोच्या आशिया-प्रशांत वारसा पुरस्कारांत गौरव झाला.

या यशाचं मर्म पैशाच्या आकड्यात शोधून सापडणार नाही. अनुदान लहान होतं, पण ते रचनेच्या कामाला लागलं. एखाद्या दुकानदारानं एकट्यानं आराखडा केला नसता, कारण फायदा सगळ्या रस्त्याचा आणि खर्च त्याचा एकट्याचा झाला असता. सर्वांच्या उपयोगाचं जे काम कुणी एकटा करणार नाही, तिथे सार्वजनिक पैसा लागला आणि जे ज्याच्या दुकानाचं, ते त्यानं केलं. अमेरिकेत १९८० पासून जुन्या गावपेठांसाठी चाललेल्या 'मेन स्ट्रीट' चळवळीचं सूत्रही याच्या जवळचं आहे. रचनेची मदत, व्यापाऱ्यांची संघटना आणि त्यासोबत थोडं सार्वजनिक भांडवल, अशी तिथली मांडणी आहे.

याच सुमाराला भाड्याचा गुंताही थोडा सैल झाला. १९९७ च्या शेवटी सर्वोच्च न्यायालयानं गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाबरोबर अवाजवी झाल्याचं म्हटलं आणि १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. दरवर्षी ४ टक्के भाडेवाढीची मुभा मिळाली. बँका, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि १ कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्या या कायद्याच्या संरक्षणातून वगळल्या गेल्या. फोर्टातल्या इमारतींसाठी हा मोठा बदल होता, कारण मोठे भाडेकरू प्रामुख्यानं हेच होते. काही इमारतींत पुन्हा दुरुस्तीपुरता पैसा येऊ लागला. जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूटचं संवर्धन वास्तुरचनाकार विकास दिलावरी यांनी केलं आणि २०१५ मध्ये त्यालाही युनेस्कोची दाद मिळाली. ते काम मात्र प्रामुख्यानं संस्थेच्या आणि देणगीदारांच्या बळावर झालं.

चेहरा उजळला तरी इमारतींचा सांगाडा म्हाताराच होता. रस्त्यापासून जवळच, काळा घोड्याला, १८६९ चं वॉटसन्स हॉटेल उभं आहे. इंग्लंडमध्ये घडवून आणलेल्या बिडाच्या सांगाड्याची ही इमारत एस्प्लनेड मॅन्शन या नावानं घरं आणि कचेऱ्यांनी खच्चून भरली. २००५ मध्ये तिच्या सज्जाचा भाग कोसळून माणूस दगावला आणि २०१९ मध्ये ती रिकामी करण्यात आली. पाडावी की वाचवावी, हा वाद न्यायालयात गेला. वारसा यादीत नाव, उपकराच्या यादीतही नाव, तरीही दुरुस्ती नाही, अशी तिची अवस्था झाली. पैशाचे दोन सार्वजनिक प्रवाह एकमेकांशी न बोलता वाहिले की असं होतं.

दरम्यान व्यापारच उठून गेला. बँकांची मुख्यालयं आणि शेअर बाजारातली मोठी नावं वांद्रे-कुर्ला संकुलात गेली. २०१० मध्ये तिथे भारत डायमंड बोर्स सुरू झाल्यावर ऑपेरा हाउसच्या परिसरातल्या हिऱ्यांच्या कचेऱ्याही हलल्या. गिऱ्हाईक गेलं की गाळ्याचं भाडं देणारा जातो आणि मग कमान दुरुस्त करायला कुणी उरत नाही.

सुरत आज याच उंबरठ्यावर आहे. हजिरा रस्त्यावरच्या इच्छापोरला हिरे-दागिन्यांच्या कारखान्यांची वेगळी वसाहत झाली. २०२३ च्या डिसेंबरमध्ये खजोदला सुरत डायमंड बोर्सचं उद्घाटन झालं. जुन्या शहरातल्या महिधरपुऱ्याच्या हिरेबाजारात अजून दलाल रस्त्यावर उभे राहून पुड्या उघडतात, पण मोठा व्यापार शहराबाहेर न्यायचा ओढा स्पष्ट आहे. सुरत महापालिकेनं सोळाव्या शतकातल्या किल्ल्याचं संवर्धन केलं आहे आणि तिचं स्वतःचं मुख्यालय १६४४ च्या मुघलसरायीत आहे. व्यापाऱ्यांसाठी आणि यात्रेकरूंसाठी बांधलेली सराय साडेतीनशेहून अधिक वर्षांनंतरही नांदती आहे, याचा अभिमान सुरतकरांना आणि तिथल्या लाखो मराठी माणसांनाही वाटायला हवा. पण सराय आणि किल्ला सार्वजनिक मालकीचे आहेत. नाणावट, गोपीपुरा, चौटा बाजार इथली खासगी दुकानं आणि लाकडी सज्जांच्या पेढ्या कुणाच्या पैशानं टिकतील, या प्रश्नाचं उत्तर किल्ल्याच्या संवर्धनात मिळत नाही. २०१७ मध्ये जागतिक वारसा शहर झालेल्या अहमदाबादनं जुन्या घरांच्या मालकांसाठी टीडीआरचा मार्ग अवलंबला. सुरतेनं मुंबईचा आणि अहमदाबादचा अनुभव शेजारी शेजारी ठेवून पाहावा.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. जुन्या व्यापारी इमारतीचा दर्शनी भाग आणि तिची पडवी ही रोज हजारो पादचारी वापरतात, म्हणून तिच्या देखभालीत सार्वजनिक पैशाचा वाटा असणं ही मेहेरबानी ठरत नाही. तो शहराचा जुना करार आहे. पण तो पैसा तीन अटींवर द्यावा. मदतीबरोबर रचनेचा नियम असावा, म्हणजे दगड आणि लाकूड वाचेल. मालक, भाडेकरू आणि महापालिका या तिघांनीही खर्चाचा वाटा उचलावा, म्हणजे प्रत्येकाला इमारत आपली वाटेल. आणि मदत एकदाच मोठ्या रकमेनं देण्यापेक्षा दर पावसाळ्यापूर्वी थोडी थोडी मिळावी, कारण जुन्या इमारतींचा खरा शत्रू झिरपणारं पाणी आहे. महाराष्ट्रात सेसची यंत्रणा पन्नासहून अधिक वर्षं उभी आहे. निव्वळ व्यापारी इमारतींनाही तिच्यात जागा द्यावी, आणि वारसा समितीनं ठरवलेल्या पद्धतीनंच दुरुस्ती झाली तर मर्यादेपलीकडचा खर्च सरकारनं उचलावा, एवढी सुधारणा आजच्या कायद्यात करणं अशक्य नाही. हॉर्नबी रोडला १८९६ मध्ये एका नियमानं आणि १९९८ मध्ये एका लहान अनुदानानं घडवलं. पुढची कमान पडायच्या आत तिसरं पाऊल उचलायला हवं.